ओळखलेली खिरापत

आमच्या गावात सरकारचं जे काही येई, ते आधी सरपंचांच्या घरी उतरे. ग्रामपंचायतीचा रेडिओ त्यांच्या बैठकीत वाजायचा. पंचायतीची गॅसबत्ती त्यांच्या घरच्या साखरपुड्यात जळायची. फवारणीचा पंप आधी त्यांच्या कपाशीवरून फिरायचा आणि मग जमलंच तर दुसऱ्याच्या शेतात जायचा. याला कोणी चोरी म्हणत नसे, मीही म्हणत नसे. पंचायतीची खोली गळकी, मग वस्तू ठेवायच्या तरी कुठं? हळूहळू लोक त्या रेडिओला सरपंचांचा रेडिओ म्हणायला लागले, आणि त्यावर शेतीची माहिती ऐकून निघताना 'उपकार झाले पाटील' असंही म्हणायला लागले. त्या उपकारांचा मला आजही राग येतो.

जऊळक्याच्या स्टेशनापासून बैलगाडीच्या वाटेनं आत गेलं की आमचं गाव. वाशीम जिल्हा तेव्हा झाला नव्हता, आमची सगळी मोठी कामं अकोल्याला. बाबा स्टेशनच्या मालधक्क्यावर हमाली करत. हंगामात काम, बाकीचे महिने हात बांधून बसायचं. त्यामुळे घराला खरा टेकू होता तो मायच्या बालवाडीच्या कामाचा. माय तिथे मदतनीस होती. शिकवणाऱ्या बाई बाळंतपणाला माहेरी गेल्या होत्या, म्हणून झाडलोट, गाणी, नाकं पुसणं आणि सुकडी वाटणं, सगळं तिच्याच गळ्यात पडलं होतं.

सुकडी म्हणजे सरकारकडून पोत्यांतून येणारं तपकिरी, गोडसर, भाजलेलं भरड पीठ. दुष्काळाच्या साली खडी फोडणाऱ्या मोठ्या माणसांनी ती खाल्ली होती. दुष्काळ सरला, पण बालवाडीतल्या लेकरांसाठी ती येत राहिली. कोरडी तोंडात टाकली की ठसका लागायचा, पाण्यात कालवली की लाडू व्हायचा. एक विशिष्ट वास होता तिला, गुळाचा आणि तागाच्या पोत्याचा मिळून. मायच्या लुगड्याला तो कायम असे. तिच्या पदराला तोंड पुसत मी मोठी झाले, त्यामुळे तो वास मला झोपेतही कळला असता.

बौद्ध बाईच्या हातचं आपल्या लेकरानं खावं का, यावर सुरुवातीला गावात बरीच कुजबुज झाली होती. ती सरपंचांनी मिटवली. पीठ कोरडं आहे, कोरड्याला विटाळ नसतो, असं त्यांनी पारावर बसून जाहीर केलं. हा त्यांचा आमच्यावरचा दुसरा उपकार. पहिला उपकार म्हणजे मायला काम दिलं तो. दोन्हींची आठवण ते अधूनमधून करून देत, अगदी हसतमुखानं. माणूस गोड होता, हे मला सांगायलाच हवं. त्यांनी आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही.

पोती अर्थातच त्यांच्या घरी. माय रोज सकाळी डबा घेऊन मागच्या दाराशी जाई आणि पाटलीणबाई माप भरून वरून ओतत. त्या वर्षी पोळा झाला आणि माप बंद झालं. तालुक्याहून मालच आला नाही, असं पाटलीणबाईंनी सांगितलं. माय रिकामा डबा घेऊन परत आली. लेकरं सवयीनं ताटल्या घेऊन येत, गाणी म्हणत आणि रिकाम्या ताटल्या वाजवत घरी जात. हे पुष्कळ दिवस चाललं.

मग पाण्यावर, हंडे भरता भरता, बोलणं सुरू झालं. बायका मायसमोर काही बोलत नसत. मी हंडा घेऊन गेले की मला ऐकू जाईल अशा बेतानं बोलत. सुकडी येते तर खरी, मग जाते कुठं? वाटणारीच्या घरी. हिच्या घरचे पोट्टे कसे गरगरीत झालेत बघा. गरगरीत! मी त्या वेळी ज्वारीच्या धांड्यासारखी होते आणि माझा लहान भाऊ माझ्याहून बारीक. हंडा तिथेच आपटून यावंसं वाटे, पण हंडा घरात एकच होता. मी घरी येऊन सांगे, ते माय ऐकून घेई. मात्र तिनं दुसऱ्यांच्या दारात जाणं सोडलं. बालवाडीतून घरी, घरून बालवाडी. आपली माय चोर ठरतेय आणि ती मान खाली घालून चालतेय, हे मला सहन होत नव्हतं.

त्याच महिन्यात गावात भुलाबाई बसली होती. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे घरोघरी मातीची भुलाबाई बसते, शेजारी भुलोबा, वर ज्वारीच्या धांड्यांचा मांडव. संध्याकाळी पोरी एकेका घरी जमतात, टिपऱ्यांवर गाणी म्हणतात आणि शेवटी खिरापत ओळखतात. खिरापत म्हणजे त्या घरचा प्रसाद, झाकलेल्या डब्यात. घरची मुलगी डबा हलवून दाखवते आणि बाकीच्या पोरी आवाजावरून, वासावरून, प्रश्न विचारून काय आहे ते ओळखतात. ओळखल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. डबा धरणारीनं खोटं उत्तर द्यायचं नाही. दिलं, तर पुढच्या वर्षी भुलाबाई त्या घरी येत नाही, असं आमच्या गावच्या पोरी अगदी मनापासून मानत.

आमच्या घरी देव नव्हते. आजोबांनी धम्म घेतला तेव्हाच ते नदीत सोडले होते आणि भिंतीवर बुद्धाची तसबीर लागली होती. मी भुलाबाईला जाते हे मायला आवडत नसे. ती म्हणे, ते आपलं नाही. मी म्हणे, मी देवीला कुठं जाते, मी खिरापतीला जाते. हे खरंच होतं. खिरापत ओळखण्यात माझा हात धरणारी गावात कोणी नव्हती. दगडी शेव की खोबऱ्याचे तुकडे, हे मी नुसत्या खुळखुळाटावरून सांगत असे. आमच्या मोहल्ल्यातल्या पोरी अंगणात उभ्या राहत आणि बाकीच्या ओसरीवर बसत. पण ओसरीवरच्या अडल्या की माना वळवून माझ्याकडे बघत. मला त्याची मोठी मिजास होती.

सरपंचांच्या घरची खिरापत म्हणजे गावात चर्चा असे. त्या वर्षी पीक बेताचं होतं, बाकीच्या घरी फुटाणे आणि मुरमुऱ्यांवर भागत होतं. त्यांच्या घरी मात्र मोठा पितळी डबा आला. तो धरला होता त्यांच्या मुलीनं. ती माझ्याच वर्गात होती, साधी, सरळ, वर्गात पाटी पुसायचं फडकंही न मागता कोणाचं घेत नसे. तिनं डबा हलवला. जड आवाज आला, गोळे एकमेकांवर आपटल्यासारखा. ओसरीवरच्या पोरींनी रव्याचे लाडू म्हटलं, बेसनाचे म्हटलं, मुगाचे म्हटलं. ती प्रत्येक वेळी हसून मान हलवत होती. मग सगळ्या अंगणाकडे वळल्या.

मी ठरलेले प्रश्न विचारायला लागले. गोड का तिखट? गोड. तळलेलं का भाजलेलं? भाजलेलं. मग मी तो प्रश्न विचारला, जो आम्ही सगळ्याच विचारत असू, कारण त्यानं निम्मं कोडं सुटतं.

"घरचं का इकतचं?"

एकदा तिनं दाराकडे पाहिलं, तिथे तिची आई उभी होती. एकदा भुलाबाईकडे पाहिलं. खोटं तर बोलायचं नव्हतं.

"घरचंबी नाई," ती म्हणाली, "अन् इकतचंबी नाई."

पोरी खिदळल्या. असं कसं असेल? मी मात्र पुढे सरकले. पाटलीणबाईंनी साजूक तूप सढळ हातानं घातलं होतं, वेलदोडाही होता. हे सगळं घातल्यावर आमच्यासारख्यांना काय कळतंय, असं त्यांना वाटलं असावं. पण ज्या पोरींच्या घरची लेकरं रोज ती चाटूनपुसून खात, त्यांच्यापुढे तो डबा ठेवायला नको होता. तुपाखालून मला मायच्या पदराचा वास आला.

"मंग सरकारचं हाये," मी म्हणाले. "सुकडी हाये."

आणि सरपंचांची मुलगी आनंदानं ओरडली, ओळखली म्हणून. तिनं झाकण उघडून डबा सगळ्यांपुढे तिरपा केला. तपकिरी लाडू, वर एकेक बेदाणा. तिच्या मनात काहीच काळंबेरं नव्हतं, म्हणून ती एकटीच हसत होती. पाटलीणबाईंनी पदर सावरला आणि त्या आत निघून गेल्या. रिवाजाप्रमाणे पहिला लाडू ओळखणारीचा. माझ्या ओंजळीत तो वरून पडला. मी तो परत डब्यात टाकला आणि म्हणाले की हा उद्या बालवाडीत द्या. मग मी घरी निघाले. मला फार बरं वाटत होतं.

बातमी माझ्या आधी घरी पोचली होती. माय चुलीपुढे होती. मला वाटलं, आता पाठीत बसणार. तिनं एवढंच विचारलं की डब्यात काय होतं ते तू डोळ्यांनी पाहिलंस का. पाहिलं, म्हटलं. सुकडीच होती? सुकडीच. तिनं तव्यावरची भाकर उलटली आणि मला जेवायला बस म्हणाली.

सकाळी बोलावणं आलं, दोघींनाही. सरपंच ओसरीवर झोपाळ्यावर बसले होते, आम्ही अंगणात उभ्या. ते नेहमीसारखेच गोड बोलले. पोर लहान आहे, हुकली असेल. आज संध्याकाळी तिनं पोरींसमोर एवढंच म्हणावं की रव्याचे लाडू होते, माझीच चूक झाली. खेळातली गोष्ट खेळात संपेल. माल उद्या येतोच आहे आणि तुझं काम कुठं जात नाही. हे शेवटचं वाक्य त्यांनी मायकडे न बघता म्हटलं.

मायनं विचारलं, माल आला नव्हता ना? ते हसले. होता थोडा, पण उंदीर लागत होते, वाया जाण्यापेक्षा पोरींच्या तोंडी लागला तर काय बिघडलं?

"पोत्यावर छापलं हाये, इकू नका म्हनून," ते म्हणाले. "म्या इकलं काय? लेकरायनंच तं खाल्लं."

मला तेव्हा त्यावर उत्तर सुचलं नव्हतं. खाल्लं तर खरंच गावातल्या पोरींनीच होतं. पुढे कित्येक वर्षं ते वाक्य माझ्या डोक्यात कुरतडत राहिलं. मी पंचायत समितीच्या कचेरीत नोकरीला लागले. तिथे नियमांची पुस्तकं होती. पदावरच्या माणसानं पदाचा उपयोग स्वतःसाठी करू नये, हे त्यांत वेगवेगळ्या कलमांत लिहिलेलं होतं. मी ती वाचली आणि मनात म्हटलं, हे सगळं पैशाबद्दल आहे, आमच्या सरपंचांनी तर पैसा घेतलाच नव्हता. त्यांनी त्याहून मोठं घेतलं होतं. बालवाडीतलं लेकरू ताटली घेऊन यायचं ते हक्कानं. त्याची ताटली रिकामी ठेवली आणि तेच अन्न तूप लावून, बेदाणा खोचून, आपल्या घरचा प्रसाद म्हणून वाटलं. आमचंच आम्हाला दिलं, आणि आम्ही ते हात पसरून घ्यावं, वर पाटलीणबाईंच्या मोठ्या मनाचं कौतुक करावं. याला मी चोरीच म्हणते. कुठल्या कलमात बसत नसेल तर कलम लिहिणाऱ्यानं बघावं.

मायला मात्र उत्तर तिथल्या तिथे सुचलं होतं.

"पाटील, पोरगी हुकली असं म्हनलं, तं मंग सुकडी कोनं खाल्ली?" ती म्हणाली. "म्या खाल्ली. गाव तेच तं म्हनून राह्यलं."

सरपंचांनी झोपाळा थांबवला. माय म्हणाली की बालवाडीची वेळ झाली, आणि माझा हात धरून निघाली. मला वाटलं, झालं, इथेच संपलं. कामही गेलं आणि सुकडीही गेली.

बालवाडीत लेकरं ताटल्या घेऊन बसली होती. मायनं त्यांना उभं केलं. एकाच्या सदऱ्याचं टोक दुसऱ्याच्या हातात देऊन आगगाडी केली. आमच्या गावच्या पोरांना आगगाडी म्हणजे जीव की प्राण, जऊळक्याची शिटी वारा असला की गावात ऐकू यायची. माय पुढे इंजिन झाली. चाळिशीकडे झुकलेली, अंगानं दणकट, कधी मोठ्यानं न हसणारी माझी माय झुकझुक करत गल्लीतून चालली होती आणि मागे ताटल्या वाजवत शेंबडी गाडी. मी शाळा बुडवून गाडीच्या शेवटी लागले. लोक दारात येऊन बघत होते.

गाडी सरपंचांच्या अंगणात शिरली आणि थांबली नाही. माय सरळ ओसरीवर चढली. ज्या ओसरीवर आमच्या मोहल्ल्यातलं माणूस कधी चढलं नव्हतं, तिथे तिनं लेकरांची रांग बसवली. त्यांतली तीन-चार आमच्या मोहल्ल्यातलीच होती. कोण कुठलं हे तिनं वेगळं केलं नाही, गाडीत जसे डबे लागले होते तसेच बसवले. प्रत्येकापुढे ताटली. रांगेतला माझा भाऊ सरपंचांच्या रिकाम्या झोपाळ्याला पाठ लावून बसला आणि पाय हलवू लागला.

पाटलीणबाई दारात आल्या. मायनं नमस्कार केला आणि म्हणाली, "माल इथं हाये, तं बालवाडीबी इथंच भरन."

तेवढ्यात बायका जमायला लागल्या. लेकरं शोधत आलेल्या काही, तमाशा बघायला आलेल्या काही. पाण्यावर बोलणाऱ्याही होत्या. लेकरांना भूक लागलेली, कोणी रडायला लागलं, कोणी ताटली बडवायला. आपल्या ओसरीवर गावचं लेकरू रडतंय आणि अर्ध्या गावाच्या बायका बघताहेत, अशा वेळी माल नाही असं कुठल्या तोंडानं म्हणणार? पाटलीणबाई आत गेल्या. थोड्या वेळानं गडी पोतं ओढत बाहेर आला. विकू नये अशी छापाची अक्षरं वरच होती. पोतं निम्मंच भरलेलं होतं.

सरपंच आतून बाहेर आले ते हसतच. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की बघा, आम्ही जपून ठेवलं म्हणून राहिलं. आणि गड्याला म्हणाले, वाट. मायनं त्याच्या हातातलं माप काढून घेतलं. वाटणं माझं काम आहे, म्हणाली. मग तिनं एकेका ताटलीत माप ओतलं. जिनं मला गरगरीत म्हटलं होतं, तिनं आपल्या लेकराच्या ताटलीत लोटीतलं पाणी घातलं आणि सुकडी कालवून दिली. ती मायकडे बघत नव्हती. माय तिच्याकडे बघत होती, आणि मीही बघत होते, अगदी डोळे वटारून.

त्यानंतर पोतं सरपंचांच्या घरी परत गेलं नाही. बालवाडीच्या खोलीवर टिनाचे पत्रे चढले आणि माल तिथेच उतरायला लागला. मायला कोणी पुन्हा चोर म्हटलं नाही. पण दिवाळी झाली आणि मायचं काम गेलं. कारण असं दिलं की मदतनीस बाई परवानगीशिवाय लेकरांना बालवाडीच्या बाहेर घेऊन गेली. हे खरं होतं, त्यामुळे कोणाला काही बोलता येईना. तिच्या जागी सरपंचांच्या नात्यातली एक बाई आली. त्यालाही कोणी काही म्हटलं नाही.

तो हिवाळा आम्हाला फार कठीण गेला. माय कापूस वेचायला जाऊ लागली, बोंडांनी तिची बोटं चिरली. नातेवाईक येऊन समजावत. माझा काका तर सरपंचांकडूनच निरोप घेऊन आला होता. सगळ्यांसमोर माफी मागितली तर काम परत मिळेल, असा निरोप होता. काका म्हणाला, दोन शब्दांचा प्रश्न आहे, लेकरांकडे बघ. माय सरकी काढत बसली होती, तिचे हात थांबले नाहीत.

"माफी कायची मागू?" तिनं विचारलं. "माया पोरीनं खिरापत ओळखली, त्याची?"

काका उठून गेला. मी कोपऱ्यात बसून ऐकत होते. माझ्या तोंडानं मायचं काम गेलं, ही टोचणी मला तोवर लागली होती. त्या दिवशी ती गेली, आणि परत आली नाही.

माय आता नाही. पण नात्यात लग्न असलं, जेवणाच्या पंगती उठल्या आणि जुन्या गोष्टी निघाल्या, की कोणीतरी हमखास म्हणतं की हिची जीभ त्या वेळी आवरली असती तर त्या बिचारीनं म्हातारपणापर्यंत बालवाडीत सावलीत बसून खाल्लं असतं. मागच्या लग्नात वाढायला आलेला सरपंचांच्या घराण्यातलाच एक शिकलेला पोरगा मला म्हणाला, आत्या, एवढ्याशा लाडवासाठी कशाला एवढं केलंत? आमच्या पाटलांनी सगळं गावासाठीच केलं होतं. अवतीभवतीच्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या, आता ही चिडणार म्हणून.

मी चिडले नाही. ताटात त्यानं वाढलेला लाडू होता, तो मी हातात घेतला आणि त्याला विचारलं, घरचा की विकतचा? विकतचा, तो म्हणाला. मग मी तो खाल्ला आणि त्याला सांगितलं, बाळा, त्या दिवशी डब्यात सुकडी होती.